जॉर्डन बघायचंय? पेत्राला दोन दिवस ठेवा

चवथ आटोपली की ऑक्टोबर-नोव्हेंबर हा जॉर्डनसाठी चांगला हंगाम. गोव्यातल्या मोपा किंवा दाबोळीहून अम्मानला, म्हणजे जॉर्डनच्या राजधानीला, थेट विमान नाही. मुंबईत किंवा आखातात बदलावं लागतं. प्रवासाचे दिवस सोडून निदान सहा दिवस हातात ठेवा.

निघण्यापूर्वी जॉर्डन पास ऑनलाइन काढा. व्हिसा आणि पेत्रा (डोंगरात कोरलेलं प्राचीन शहर) व इतर स्थळांचं तिकीट त्यात एकत्र येतं. पेत्राच्या एका दिवसासह ७० दिनार, दोन दिवसांसह ७५, तिनांसह ८०. एरवी व्हिसाच ४० दिनारांना पडतो आणि पेत्राचं एका दिवसाचं तिकीट ५० ला. पासवर व्हिसाचे पैसे माफ होतात, पण देशात किमान तीन रात्री राहिलात तरच. पाच दिनार वाचवायला एका दिवसाचा पास घेणारे तिथे पोचल्यावर हळहळतात.

अम्मानहून उत्तरेला जेराश हे रोमन शहराचे अवशेष (५० किलोमीटर) अर्ध्या दिवसात होतं. दक्षिणेला जाताना मादाबाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये जमिनीवरचा सहाव्या शतकातला मोझेक नकाशा बघा. पेत्रा अम्मानपासून गाडीने तीनेक तास. मुक्काम वादी मूसा गावात, पेत्राच्या दाराजवळच.

दार सहाला उघडतं, तेव्हाच आत शिरा. दारापासून खिंडीच्या तोंडापर्यंत घोडा ‘तिकिटातच आहे’ असं सांगतात. ते खरंच, पण उतरताना बक्षिसासाठी हुज्जत होते. रक्कम आधी ठरवा, नाहीतर सरळ चाला. पुढची सीक ही खिंड १.२ किलोमीटरची. घाई करू नका: नबाती लोकांनी (पेत्रा वसवणारे प्राचीन अरब) शहराला पाणी न्यायला खोदलेली पन्हळ भिंतीला धरून जाताना दिसते. पावसाचा इशारा असेल तर मात्र आत जाऊच नका. पाणी आजूबाजूच्या डोंगरांवरून एकदम खिंडीत उतरतं. १९६३ च्या लोंढ्यात पर्यटक दगावले होते.

खिंड संपते तिथे अल-खझने, कड्यात कोरलेली पेत्राची सर्वांत प्रसिद्ध वास्तू. त्याच्यावर ऊन येतं ते नऊनंतर, तोवर गर्दीही येते. शांतता हवी की फोटो ते ठरवून ठेवा. वरून फोटो काढून देतो म्हणत कड्यावर नेणाऱ्यांना नको म्हणा. दुपारनंतर राजथडगी (कड्यात कोरलेली मोठी थडगी) उजळतात, पहिला दिवस तिथे संपवा. डोंगरावरच्या अद-देर या कोरीव वास्तूचा दर्शनी भाग पश्चिमेकडचा, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास चढा: पायऱ्या सुमारे ८००, वाटेवर बऱ्यापैकी सावली. माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि उजेड असतानाच उतरा, कारण दारापर्यंतची परतीची वाटही चढाचीच आहे.

वादी रम हे वाळवंट तिथून दोन तासांवर. प्रवेश पासमध्ये, जीप वेगळी. किती तास आणि कुठकुठे ते लिहून घ्या. तंबू राखीव क्षेत्राच्या आत आहे का, हेही विचारा, कारण स्वस्तातले बरेचसे बाहेर, दिसी गावाकडे असतात. रात्री थंडी बोचते आणि आपल्याकडे घरात लोकरीचं काही नसतंच. जाकीट कुणाकडून तरी मागून न्या. शाकाहाऱ्यांचं हुमूस (काबुली चण्यांची चटणी), फलाफल (चण्यांचे वडे), फूल (शिजवलेल्या बियांचा पदार्थ) यांवर निभतं.

मृत समुद्र शेवटी ठेवा. समुद्रात वाढलेली आपली माणसं सवयीने पालथी पडून पोहायला जातात. तिथे पाय वर येतात, तोंड खाली जातं आणि खारट पाण्याने डोळे जळतात. पाठीवरच तरंगा, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी दाढी करू नका.