गेवुर्त्स्त्रामिनर घ्यावी कशी, प्यावी कशी

‘गोड वास येतो म्हणजे गोड वाइन’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अल्सासच्या गेवुर्त्स्त्रामिनर या सुगंधी पांढऱ्या वाइनबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ याच वाक्याने घातला आहे.

ओळख थोडक्यात. फ्रान्सच्या पूर्व टोकाला व्होज डोंगर आणि ऱ्हाईन नदी यांच्यामधली अरुंद पट्टी म्हणजे अल्सास. पश्चिमेकडचा पाऊस व्होज अडवतो, त्यामुळे तिथल्या कोलमार शहराच्या आसपास हवा कोरडी राहते आणि द्राक्षं सावकाश, भरपूर पिकतात. गेवुर्त्स्त्रामिनर हे द्राक्षाच्या जातीचंही नाव. या द्राक्षाची साल गुलाबीसर असते, पण वाइन पांढरीच, सोनेरी छटेची. बाटली उंच, सडपातळ.

आता खरं काम: ती बाटली किती गोड आहे, हे उघडण्याआधी ओळखायचं. इथे घाई करू नका. 2021 च्या हंगामापासून अल्सासच्या वाइनच्या लेबलवर गोडवा लिहावा लागतो. ‘सेक’ म्हणजे कोरडी (गोडवा जवळजवळ नसलेली), ‘दमी-सेक’ म्हणजे किंचित गोड, ‘मोएलो’ म्हणजे चांगलीच गोड आणि ‘दू’ म्हणजे थेट गोडाच्या पानाची. त्याआधीच्या बाटल्यांवर ही सक्ती नव्हती. काही उत्पादक मागच्या लेबलवर स्वतःची मोजपट्टी छापत, ती शोधा. ‘व्हाँदांज तार्दिव्ह’ म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. ती बहुतेक वेळा गोडच निघते. ‘ग्राँ क्रू’ हे शब्द मात्र मळ्याबद्दल सांगतात, गोडव्याबद्दल नाही. महाग म्हणजे कोरडी, असंही नाही.

अल्कोहोलच्या आकड्यावरून अंदाज बांधा, असं सांगणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका. द्राक्षातल्या साखरेचंच अल्कोहोल होतं, म्हणून रिझलिंग या दुसऱ्या पांढऱ्या वाइनच्या जर्मन बाटलीवर आकडा कमी असला की साखर उरलेली असण्याची शक्यता मोठी, तिथे ही युक्ती चालते. इथे द्राक्ष इतकं पिकतं की 14 टक्के अल्कोहोल होऊनही साखर शिल्लक राहू शकते. शिवाय या द्राक्षात आंबटपणा कमी, त्यामुळे तेवढीच साखर रिझलिंगपेक्षा जास्त जाणवते.

बाटली उघडल्यावरही शंका असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. या वाइनला येणारा लिची आणि गुलाबाचा वास लगेच गायब होईल. जिभेवर जे उरेल तोच खरा गोडवा. नाक सोडलंत की वास परत येईल. लिचीचा भास उगाच होत नाही, ‘रोझ ऑक्साइड’ हा सुगंधी घटक लिचीतही असतो आणि या वाइनमध्येही. कोरड्या बाटलीलाही तोच वास येतो, म्हणून माणसं फसतात.

गारवा 8 ते 10 अंश. फ्रिजमधून थेट ओतली तर वास मुका होतो, म्हणून पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. मुंबईच्या उन्हाळ्यात दहा पुरेत. बर्फ नको, कधीच नको. ग्लास तोंडाशी निमुळता हवा, एक तृतीयांशच भरा.

जेवणात अल्सासची माणसं हिच्याबरोबर व्होजमधलं उग्र वासाचं मुन्स्टर चीज खातात, आणि ती जोडी अगदी योग्य आहे. आपल्याकडे नारळाच्या रसातल्या कोलंबीबरोबर दमी-सेक उघडा. तांबड्या रश्श्याबरोबर कोरडी नको. जास्त अल्कोहोलमुळे तिखट आणखी जाळतं. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.