लेकरांना घेऊन आठवडी बाजार कसा करावा

सासूबाई निंदायला गेलेल्या, नवरा वावरात, अंगणवाडी दुपारीच सुटलेली. म्हणजे बाजार आपला आणि लेकरंही आपलीच. माझी दोन आहेत, एक सहा वर्षांचं, एक तीन. त्यांच्यासोबत बाजार करताना जे जमलं ते सांगते.

आधी वेळ ठरवा. आमच्याकडे मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशीच होतो. त्यामुळे पाचनंतर मजूर बायकांची गर्दी उसळते आणि लहान लेकरू पायांतच हरवतं. पावसाळ्या-हिवाळ्यात तीनच्या सुमारास निघा. मे महिन्यात मात्र पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा ऊन उतरेपर्यंत थांबावंच लागतं. धाकट्याला सरळ कडेवर घ्या, डोक्याला दुपट्टा बांधा, पाण्याची बाटली आणि जमलं तर आंब्याचं पन्हं सोबत ठेवा.

पोट भरूनच निघा. उपाशी लेकरू भज्याच्या कढईपाशी हमखास बसकण मारतं.

एसटीनं जात असाल तर पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांना अर्धं, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धंच. सहा वर्षांच्या पोट्ट्याला "चार सांग" असं शिकवू नका. कंडक्टरसमोर ते नेमकं खरं बोलतं.

बाजारात पोचल्यावर भाजीकडे वळू नका. आधी किराणा दुकानात चिठ्ठी द्या: तेल, साखर, तूरडाळ, चहापत्ती. दुकानदार बांधून ठेवतो आणि तुम्ही हात मोकळे ठेवून भाजी घेता. जड सामान परत जाताना उचलायचं. थैलीत खाली आलू-कांदे, मग वांगी, टमाटर सगळ्यात वर. सांबाराची जुडी मोठ्याच्या हातात द्या. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इडली शोधू नये.) काम दिलेलं लेकरू निम्मं कमी रडतं. आमचा तर तागडीत आलू टाकतो आणि मोजतो, भाजीवाल्या काकू वैतागत नाहीत.

आता खरी अडचण, "आई, मले ते पायजे." खेळणीवाला बाजाराच्या तोंडाशीच बसतो, त्याला कळतं सगळं. मी घरूनच प्रत्येकाच्या मुठीत दहाची नोट देते. काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं, भावही त्यांनीच विचारायचा. नोट संपली की मागणं संपलं. पहिल्या बाजारी हे चालत नाही, तिसऱ्या-चौथ्या बाजारी चालतं. "पुढच्या बाजारी घेऊ" असं उगाच म्हणू नका, लेकरू आठ दिवस लक्षात ठेवतं. जमिनीवर लोळलंच तर उचलून बाजूला सावलीत न्या, पाणी पाजा, गप्प उभ्या राहा. येणारे-जाणारे म्हणतील, "देऊन टाका ना बाई, लेकरूच आहे." त्यांचं ऐकू नका, आणि त्यांच्या लाजेनं चापटही मारू नका.

खाऊबद्दल मी कडक आहे. ओळखीचा फुटाणेवाला प्रेमानं मूठभर फुटाणे लेकराच्या हातात टेकवतो. चार-पाच वर्षांखालच्या लेकराला अख्खे फुटाणे, शेंगदाणे देऊ नका, चालता-हसताना तर नाहीच. दाणा श्वासनळीत अडकला तर जिवावर बेततं. बोराच्या बीचंही तेच. फुटाणे पदरात बांधा, लेकराला केळं द्या.

हरवण्याची भीती मला अजूनही वाटते. दोघांना भडक रंगाचे सदरे घालते आणि खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवते. मोठ्याला सांगितलं आहे, चुकलास तर मारोतीच्या पारापाशी उभा राहा किंवा बांगड्यांच्या दुकानातल्या मावशीला सांग, कोणाच्या मागं जाऊ नकोस. लेकरू दिसेनासं झालं तर आधी पारापाशी पाहा. तिथं नसेल तर लाज न धरता ओरडा, शेजारच्या दुकानदारांना कामाला लावा आणि ११२ ला फोन करा. लेकरांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

परतताना धाकटं खांद्यावर झोपलेलं असतं आणि दोन्ही हातांत थैल्या. अशा वेळी तेलाचा डबा आणि डाळ दुकानातच राहू द्या. "उद्या नेतो भाऊ" म्हटलं की झालं, सकाळी गावातल्या कोणाच्या तरी गाडीवर येतं.