पावसाळी ट्रेकला येताय? मग या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय आणायचं याची यादी पडते. ती वाचत कोणीच नाही. बस पहाटे पाचची असते आणि रात्री साडेअकराला मेसेज येतो, "सर, सँडल चालतील का?" पैसे भरलेत, लीडर आहे, म्हणजे सगळं तोच बघेल, हा समज आधी डोक्यातून काढा. लीडर वाट दाखवतो, दोर लावतो, कोणाला लागलं तर पट्टी करतो. तुमचे मोजे त्याच्या सॅकमध्ये नसतात.

सगळ्यात जास्त ताप बुटांचा. ताम्हिणी घाटाजवळच्या अंधारबनच्या जंगल ट्रेकला एक साहेब आले होते. पायात चांगले महागाचे ट्रेकिंग शूज. "नवेच आहेत, हिमालयासाठी घेतले होते, मग जाणंच झालं नाही," असं पिंपरी गावात चहा पिताना अभिमानाने सांगत होते. वाटेतल्या हिर्डी गावापर्यंत सगळं ठीक. पुढे खाली भिरा गावाकडे उतरायला लागलो आणि उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला. सुतळीने बांधला. दगडांवर घासून सुतळी तुटली. पुन्हा बांधला. थोड्या वेळाने डावाही गेला. अख्खा ग्रुप वरून कोसळणाऱ्या पावसात उभा, आणि मी चिखलात बसून एका परक्या माणसाचे बूट बांधतोय. भिऱ्यात पोचेपर्यंत काळोख झाला होता.

नवा बूट असा कसा गेला, तर तो नवा नव्हताच. नुसता न वापरलेला होता. अशा बऱ्याच बुटांत सोलच्या वर पॉलियुरेथेनच्या फोमचा एक थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू कुजतो, मग बूट पायात असो की कपाटात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर विचारूच नका. वरून बूट चकचकीत दिसतो, आत भुगा झालेला असतो. म्हणून मी ट्रेकच्या आठवडाभर आधी बूट काढतो, हाताने वाकवतो, सोलच्या वरच्या थरात अंगठ्याचं नख दाबून बघतो. तडे दिसले किंवा कण सुटले तर तो बूट बाद. मग दोन दिवस तोच घालून भाजी आणायला जातो, मुद्दाम डबक्यातून. पाण्याच्या बाटलीला डक्ट टेप गुंडाळलेली असते आणि सॅकच्या कप्प्यात चार केबल टाय. सुतळीपेक्षा ते कितीतरी जास्त टिकतात.

याच्या उलट टोक म्हणजे आदल्या दिवशी दुकानातून आणलेला कोरा बूट. त्याने टाचेला फोड येणार, लिहून ठेवा. आणि कितीही भारी सोल घ्या, शेवाळलेल्या कातळावर सगळेच घसरतात. "याची ग्रिप जबरदस्त आहे" म्हणणारा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्याच ओढ्यात बसतो. खडबडीत जागा बघून छोटी पावलं टाकायची, याला पर्याय नाही. पायाची नखं कापून या, नाहीतर उतारावर अंगठा बुटाला आपटून काळानिळा होतो.

आता जीन्स. "मी नेहमी जीन्सच घालतो, मला सवय आहे." कोरड्या जीन्सची सवय आहे तुम्हाला, भिजलेल्या नाही. भिजली की जड होते, गुडघ्याला धरते, मांड्या सोलून काढते, आणि दिवसभर वाळत नाही. साधी, पातळ, पटकन वाळणारी ट्रॅक पँट घाला. सुती टी-शर्टचंही तेच. कळसूबाई १६४६ मीटर. जुलैत माथ्यावर वारा सुटला की ओला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो आणि मघाशी रेनकोट काढून फोटोला उभी राहिलेली मंडळी दात वाजवायला लागतात. माझ्या सॅकमध्ये कोरडा सिंथेटिक टी-शर्ट आणि विंडचीटर कायम असतात, आणि ते मी कोणाला देत नाही.

पोंचो स्वस्त पडतो म्हणून सगळे घेतात. वाऱ्यात तो तोंडावर येतो आणि कड्याला लावलेल्या लोखंडी शिडीवर स्वतःचीच पावलं दिसत नाहीत. छत्री गावातल्या वाटेला उत्तम, शिडीला दोन्ही हात लागतात. जॅकेटसारखा रेनकोट घ्या.

सॅकला रेनकव्हर लावलं म्हणजे झालं, असं वाटतं. पाणी तुमच्या पाठीवरून ओघळत सॅकच्या मागच्या बाजूने आत शिरतं, तिथे कव्हर नसतंच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालायची, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडायचं. कव्हर विसरलं तरी चालेल. पण पिशवी हवीच.

बाकीचं थोडक्यात. पावसात तहान जाणवत नाही, तरी दोन लिटर पाणी आणा. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे. एका खांद्यावरची कॉलेजची बॅग कातळावर तोल घालवते. डिओ, अत्तर घरी ठेवा, किल्ल्यांच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात आणि उग्र वास त्यांना खवळवू शकतो. दम्याचा पंप, रोजच्या गोळ्या स्वतःजवळ ठेवा आणि लीडरला सकाळीच सांगा, अर्ध्या चढावर नको. वेफर्सऐवजी चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. ब्लूटूथ स्पीकर आणलात तर बसमध्येच राहील.

बदलायचे कपडे, पंचा आणि चपला बसमध्ये ठेवा, अंतर्वस्त्रांसकट पूर्ण जोड. परत आल्यावर ड्रायव्हरमामा ओल्या माणसाला सीटवर टेकू देत नाहीत, आणि त्या भांडणात मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.