कार्य, ऊर्जा, शक्ती: गणितं जिथे फसतात त्या चुका

या धड्याचा अर्धा घोळ फिजिक्सचा नाहीच, भाषेचा आहे. बोलताना आपण बल, जोर, ताकद, शक्ती सगळं एकाच मापात मोजतो आणि पेपरात मात्र बल न्यूटनमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये मागतात. मग "जास्त शक्तीचं मशीन जास्त कार्य करतं" असं बिनधास्त लिहिलं जातं. शक्ती म्हणजे काम किती झपाट्याने उरकलं, बस. ५० किलोचा माणूस ३ मीटर जिना चढला की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ५० × ९.८ × ३ = १४७० ज्यूल कार्य झालं (९.८ म्हणजे गुरुत्वत्वरण), मग तो धावत जावो नाहीतर रमतगमत. १० सेकंदात चढला तर शक्ती १४७ वॅट, ५ सेकंदात चढला तर २९४.

दुसरी चूक म्हणजे दमलो म्हणजे कार्य झालंच असं धरून चालायचं. डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललात तर आपण ओझ्यावर केलेलं कार्य शून्य, कारण बल वरच्या दिशेला आणि विस्थापन आडवं, ९० अंशाचा कोन. "अहो पण घाम निघाला की!" निघणारच, स्नायू आतल्या आत सारखे आकुंचन पावतात आणि शरीरातली ऊर्जा जळते, पण ओझ्याच्या खात्यात त्यातलं काहीच जमा होत नाही.

आणि नुसतं "कार्य किती" असं विचारलं की आधी स्वतःला विचारायचं, कोणत्या बलाने केलेलं? १० किलोची बादली हळूहळू २ मीटर खाली सोडली तर गुरुत्वाकर्षणाचं कार्य अधिक १९६ ज्यूल, आपल्या हाताचं उणे १९६, दोन्ही मिळून शून्य. तीन उत्तरं, तिन्ही बरोबर, फक्त प्रश्न वेगळे. उणे चिन्ह बघून घाबरून ते खोडणारे खूप जण असतात, खोडू नका.

आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. १००० किलोची गाडी ताशी ३६ किमीवरून ७२ किमीवर आणायची, कार्य किती? पहिल्यांदा काहीजण ७२ तसाच गतिज ऊर्जेच्या, म्हणजे वेगामुळे असलेल्या ऊर्जेच्या, सूत्रात (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग) टाकतात, तिथेच खेळ खल्लास. आधी ५/१८ ने गुणा, म्हणजे सेकंदाला १० मीटर आणि २० मीटर. आता खरा सापळा येतो: वेगातला फरक १०, म्हणून ½ × १००० × १० × १० = ५०,००० ज्यूल. दिसतं कसं छान, पण साफ चूक! वर्ग आधी, वजाबाकी नंतर. शेवटची गतिज ऊर्जा २,००,०००, सुरुवातीची ५०,०००, म्हणजे कार्य १,५०,००० ज्यूल, तिप्पट निघालं. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, म्हणूनच तेवढाच ब्रेक लावून गाडी थांबायला चौपट अंतर लागतं.

कोनाचं थोडक्यात: कार्य = बल × विस्थापन × कोनाचा कोसाइन, आणि हा कोन बल आणि विस्थापन यांच्यामधला घ्यायचा. प्रश्नात तो उभ्या रेषेशी दिला असेल तर आकृती काढा, अंदाजाने कोसाइन लावू नका.

वीजबिलातलं युनिट म्हणजे किलोवॅट-तास, किलोवॅट प्रति तास नाही, तिथे भागाकार नसून गुणाकार आहे. १००० वॅटचा हीटर तासभर चालला की १ युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल. हे एकक ऊर्जेचं आहे, नावात वॅट दिसला म्हणून शक्ती समजू नका.

उत्तर आलं की एकदा ते पटतंय का तेही बघा. पंप मिनिटाला ३०० लिटर पाणी १० मीटर वर चढवतो, कार्य २९,४०० ज्यूल. ६० ने भागायचं विसरलात तर शक्ती २९,४०० वॅट लिहाल, आणि ७४६ ने भागून बघितलं तर जवळपास ३९ अश्वशक्तीचा पंप निघेल, एवढ्याशा पाण्याला! खरं उत्तर ४९० वॅट, तेही घर्षण वगैरे सगळं सोडून दिलं तर.