ओझे ओढणाऱ्या डिझेल पिकअपसाठी क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर

कापसाची भरलेली ट्रॉली शिवारातल्या चिखलातून किंवा चिखलदऱ्याच्या घाटातून ओढायची असेल, तर मागच्या धुऱ्याच्या क्राऊनचे (चाके फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राचे) दाते भागिले पिनियनचे (इंजिनाच्या जोरावर क्राऊनला फिरवणाऱ्या लहान दातेरी चक्राचे) दाते, म्हणजे ४१ ला १० असतील तर ४.१, हे गुणोत्तर आधी पाहावे. ३.७ ऐवजी ४.१ घेतल्यास त्याच गिअरमध्ये चाकांवरची ओढ सुमारे ११ टक्के वाढते आणि क्लचवरचा ताण कमी होतो. मात्र त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तितकेच वाढतात, म्हणजे मिनिटाला २००० च्या जागी सुमारे २२१५ होतात. म्हणून ज्यांची गाडी बहुतांशी रिकामी, समृद्धी महामार्गावर धावते, त्यांनी कमी गुणोत्तरच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठे टायर बसवले असतील, तर हिशेब बदलतो: टायरचा व्यास ५ टक्के वाढला की ४.१ चा परिणाम जेमतेम ३.९ इतकाच उरतो. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत, आणि चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढच्या धुऱ्याचेही गुणोत्तर तेच करावे, नाहीतर कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावताच गिअर तुटू शकतात.