कागद लिहिला का?

पेडल स्टील, म्हणजे टेबलासारखी आडवी, पेडलं दाबून तारांचे सूर बदलायची गिटार, विकायला काढलीत तर तारा नव्या लावा, फडकं मारा, हे मी सांगायला नको. आधी कागद. कोणती तार कोणत्या सुराला आहे, कोणत्या पेडलने कोणती तार किती चढते, कोणता नी लिव्हर, म्हणजे गुडघ्याने ढकलायचा दांडा, काय उतरवतो, यातलं कंपनीचं किती आणि तुमची कारागिरी किती, हे सगळं एका कागदावर. मागच्या उन्हाळ्यात मी तो न देता गिटार विकली. सव्वा महिन्यात ती जळगावला माझ्याच दारात परत आली. आता तीच पुन्हा विकतोय.

झालं असं. दहा तारांची, ई नाईन या नेहमीच्या ट्यूनिंगची गिटार. बहुतेक लोक अमेरिकन वादक बडी एमन्स यांच्या पद्धतीने डावीकडून ए, बी, सी अशी पेडलं लावतात. माझा डावा घोटा आखडतो, म्हणून मी दुसरे अमेरिकन वादक जिमी डे यांच्या पद्धतीने क्रम उलटा करून घेतला: सी, बी, ए. पायाला ते इतकं बसलं की आपण काही बदललंय हेच डोक्यातून गेलं. घेणारा धुळ्याचा, ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवणारा, हुशार पोरगा. घरी जाऊन त्याने व्हिडिओ लावला आणि ए समजून डावीकडचं पेडल दाबलं. पाचवी तार बी वरून सी शार्पला चढली, म्हणजे बरोबर. पण तिच्यासोबत चढायला हवी ती दहावी जागची हलेना, आणि जिने गप्प बसायचं ती चौथी ई वरून थेट एफ शार्पला. आठव्या दिवशी फोन आला, "भाऊ, हाई तं बिघडेल शे." मी लग्नात होतो. रात्री बोलू म्हटलं आणि विसरलो.

मग त्याने दुरुस्ती काढली. गिटारच्या बाजूच्या पट्टीत नायलॉनचे नट दिसतात, पेडल दाबल्यावरचा सूर त्यांनी जुळवायचा असतो. चौथी चढू नये म्हणून तो तिचा नट सैल करत गेला, शेवटी तो निघून पलंगाखाली गेला. दहावी चढावी म्हणून तिचे नट आवळत बसला, पण त्या पेडलपासून दहावीला ओढणारा रॉडच नाही, आवळून होणार काय? त्यात ज्या पेडलाचा रॉड तिला होता, त्याचीही जुळणी गेली. पोराची चूक नाही. चार ओळी लिहून दिल्या असत्या तर मला अर्धे पैसे परत द्यावे लागले नसते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दोन दिवस उताणी गिटार घेऊन बसावं लागलं नसतं.

म्हणून कागद. वरून खाली दहा तारा लिहा: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. पुढे प्रत्येक पेडलचा आणि लिव्हरचा रकाना. वर ठळक अक्षरांत, पेडलांचा क्रम उलटा आहे. खाली आणखी एक ओळ: जी शार्पच्या तारा मोबाइलच्या ट्यूनरवर थोड्या उतरलेल्या दिसतील, त्या मुद्दाम तशा ठेवल्यात, कारण बरोबर शून्यावर आणल्या तर ई च्या कॉर्डमध्ये टोचतात. हे लिहिलं नाही तर घेणारा पहिल्या संध्याकाळी सगळं शून्यावर आणून ठेवेल. तिसरी तार बारीक, साधारण अकरा हजारांश इंचाची, सगळ्यात आधी तीच तुटते. तिच्या चार जादा द्या.

कागद आठवणीतून लिहू नका. गिटारसमोर बसा, एकेक पेडल दाबा, दहाही तारा छेडा, कानाला आलं ते लिहा. मी आठवणीतून लिहायला बसलो आणि चौथ्या लिव्हरपाशी चुकलो. स्वतः बसवलेला लिव्हर!

बदलांचं खरं सांगा. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, बदललाय तर जुना पिशवीत घालून सोबत द्या, काहींना तोच हवा असतो. माझ्या चौथ्या लिव्हरचा बेलक्रँक, म्हणजे लिव्हरची हालचाल रॉडकडे वळवणारा तुकडा, एमआयडीसीतल्या लेथवाल्याने पितळेचा घडवलाय. काम देखणं, पण आटे मिलिमीटरचे, आणि बाकी गिटार अमेरिकन, इंचाच्या आट्यांची. दोन बोल्ट शेजारी ठेवले तर जुळे वाटतात. चुकीचा जोर करून बसवला की आटे गेले. मी मिलिमीटरवाल्या बोल्टच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. ठिपक्याचा अर्थ कुठे लिहायचा? कागदावर.

साफसफाई खालून करा. गोधडीवर उताणी ठेवा आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ काढा. आपल्याकडची काळी मातीची धूळ तेलात मिसळली की मलम होतं, म्हणून आधी धूळ, मग तेल. तेल शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. गंज सोडवायचा फवारा मारायचा नाही. फोटो तेव्हाच काढून घ्या. जाणकार आधी खालची बाजू मागतो, वरची चकाकी बघणारा बहुतेक घेत नाही. व्हिडिओही करा, एकेक पेडल, एकेक तार, बोलून सांगत. गाणं वाजवून दाखवायची हौस नंतर.

किमतीबाबत मन घट्ट करा. लेथवाला, पिकअप, माझी मेहनत, यातलं काही वसूल होत नाही. उलट मोडतोड केलेली म्हणून भाव पडतो. एकाने घरी येऊन विचारलं, "हे टेबल केवढ्याला?" चहा पाजून वाटेला लावला.

सुटे भाग मोजा: पाय चार, पेडलचे उभे रॉड, तारांवर फिरवायचा बार, व्हॉल्यूम पेडल, नट फिरवायची चावी. रॉडना चिकटपट्टी लावून नंबर टाका. पाय आणि रॉड गिटारवर मोकळे ठेवले तर वाटेत तिला ठोकत जातात, कापडात गुंडाळा.

शक्यतो घेणाऱ्याला घरी बोलवा आणि त्याच्या पायाने वाजवून घ्या. पाठवायचीच असेल तर भुसावळहून पार्सल, पेटीभोवती थर्माकोल, वर पोतं. केळीचं खोकं नको, दमट असतं. तारा थोड्या सैल. उन्हात गाडीत ठेवू नका. पैसे आधी. पावती.

कागदाच्या प्रती दोन, एक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली, एक फोटो काढून घेणाऱ्याच्या मोबाइलवर. आणि पहिले पंधरा दिवस त्याचा फोन आला की उचला, लग्नात असलात तरी.