एआयला रिसर्चचा प्रश्न कसा विचारायचा आणि त्यानं दिलेला सोर्स कसा तपासायचा

सध्या एमए-पीएचडीची पोरं सर्रास एआयला विचारायलेत, त्यात वाईट काहीच नाही, पण प्रश्न टाकतात "मराठवाड्यातल्या दुष्काळाची माहिती दे". मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येणार, दोन पानं गुळगुळीत मजकूर आणि प्रबंधात घालण्यासारखी एक ओळ नाही. जागा, काळ, काम कशासाठी आणि कोणते कागद चालतील, एवढं प्रश्नात पाहिजेच.

समजा लातूरच्या सोयाबीनवर काम करायचंय, तर असं टाईप करा:

"लातूर जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या पेऱ्यावर एमएचा प्रबंध आहे, काळ १९८५ ते २०१५. आकडे आत्ता देऊ नको. तालुकावार आकडे कोणत्या सरकारी प्रकाशनांत मिळतील ते सांग, कोण छापतं आणि त्यात काय सुटतं तेही सांग. खात्री नसेल तिथं तसं लिही."

"आकडे देऊ नको" हे महत्त्वाचं. एआयला वाटाड्या करा, साक्षीदार करू नका. आणि "खात्री नसेल तर लिही" म्हणलं म्हणून ते दरवेळी लिहीलच असं नाही, तपासणं आपल्याच गळ्यात.

आपल्याकडं एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा, जिल्हे बदललेत. लातूर १९८२ ला उस्मानाबादमधून वेगळा झाला, जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. त्यामुळं एआयनं "१९७१ च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या" म्हणून आकडा दिला की तिथंच थांबा, कारण तेव्हा तो जिल्हाच नव्हता, एकतर कुणीतरी नंतर तालुके जोडून काढलेला आकडा असंल नाहीतर सरळ रचलेला. नावं पण दोन्ही द्या, धाराशिव आणि उस्मानाबाद, २०११ च्या जनगणनेत जुनंच नाव आहे. १९४८ च्या आधीचं काही शोधत असाल तर प्रश्नात हैदराबाद संस्थान लिहा आणि उर्दू कागदपत्रं कुठं आहेत तेही विचारा, नाहीतर मुंबई इलाख्याचे संदर्भ गळ्यात मारतं.

आता आकड्यांचं. जायकवाडीची क्षमता विचारा, कुठं १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) येईल, कुठं ७६. दोन्ही बरोबर आहेत बरं का, पहिला एकूण साठा, दुसरा मृतसाठा सोडून उरलेला उपयुक्त साठा, आणि "धरण इतके टक्के भरलं" ही बातमी उपयुक्त साठ्यावर असते. म्हणून दोन आकडे जुळले नाहीत की लगेच एकाला खोटं ठरवू नका, एआयला विचारा "हे दोन आकडे नेमकं काय मोजतात, कोणत्या खात्याचे, कोणत्या वर्षीचे". किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपातल्या मृतांचा आकडा पण वेगवेगळा सापडतो, तिथं सोर्सचं नाव सोडून आकडा लिहूच नका.

संदर्भांची यादी दिली तर प्रत्येक नाव स्वतः उघडा. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर तो डीओआयच्या साईटवर (doi.org) टाका, दुसराच पेपर उघडला किंवा काहीच उघडलं नाही तर तो संदर्भ काढून टाका. थीसिस असेल तर शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाईन साठ्यात, बघा. तीन वेबसाईटवर तेच वाक्य शब्दशः सापडलं तर तो एकच सोर्स धरा, तिघांनी एकाचं उचललेलं असतं.

मूळ पीडीएफ हाती लागली की ती अपलोड करा आणि म्हणा, "फक्त यातूनच सांग, प्रत्येक मुद्द्यापुढं पान नंबर आणि मूळ वाक्य दे", मग ते पान उघडून वाक्य खरंच तिथं आहे का बघा, आणि वरचं-खालचं एकेक वाक्य पण वाचा, "काही अपवाद वगळता" हे बऱ्याचदा तिथंच दडलेलं असतंय.